दुसऱ्या सहीचा रकाना

अशोकराव, साडू गेला म्हणून कुणी कुणाला भेटायला येत नाही. भाऊ गेला, मित्र गेला, अगदी समोरच्या फ्लॅटमधला गेला तरी लोक दोन शब्द बोलतात. तुम्ही गेल्यापासून आमच्याकडे जे जे आले ते सगळे सुनंदापाशी बसले, "आता बहिणीला तुम्हीच सांभाळायचं" म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, चहा टाकताय ना?" मी टाकला. गेल्या तीन आठवड्यांत केला तेवढा चहा मी आजवर कधी केला नसेल. बायकोच्या बहिणीचा नवरा गेला तर माणसाने किती दुःख करायचं याची रीत ठरलेली नाही, आणि रीत नसली की दुःखही नसेल असं लोक धरून चालतात.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा बरेच जण बोलले. तुमची कारखान्यातली नोकरी, युनियन, विहारातली मुलांची अभ्यासिका, सगळं आलं. सगळं खरंच होतं. मग कुणीतरी माझं नाव पुकारलं. मी माइकपुढे उभा राहिलो. बत्तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, पण मला एकच वाक्य सुचलं, "अशोकराव आणि मी मिळून फुलपाखरं बघायचो." दोन-तीन जण हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मी जागेवर येऊन बसलो.

मला जे सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतंच. मी तुमच्याशी एक खोटं बोललो होतो आणि तुम्ही जायच्या आत ते कबूल करायचं राहून गेलं. एवढीशीच गोष्ट आहे. पण ती घेऊन मी तीन आठवडे घरात येरझाऱ्या घालतोय. म्हणून आज लिहायला बसलो.

आपली ओळख तशी फार उशिरा झाली. म्हणजे नातं होतं, चौतीस वर्षांचं. पण त्यातली सत्तावीस वर्षं आपण एकमेकांशी काय बोललो? "काय, कसं काय?" "चाललंय." लग्नात, बारशात, सासूबाईंच्या आजारपणात, तेवढंच. तुम्ही थोरले जावई, मी धाकटा. सासुरवाडीला पहिलं पान तुमचं मांडलं जायचं आणि सल्लाही पहिला तुमचाच विचारला जायचा. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सुनंदाला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिलाच शंका यायला लागली होती.

मग मी निवृत्त झालो आणि सुनंदा आणि ताई, दोघी बहिणींनी ठरवलं, आता वर्षातून एकदा चौघांनी कुठेतरी जायचं. पहिली सहल महाबळेश्वरची. पोचल्यापासून त्या दोघी खोलीत पाय पसरून बोलत बसल्या त्या बसल्याच. त्यांना महाबळेश्वर काय आणि स्वारगेटचा स्टँड काय, सारखंच. आपण दोघं बाहेर पायऱ्यांवर. पेपर वाचून झाला, हवेबद्दल बोलून झालं. आणि तुमच्या बुटावर एक फुलपाखरू येऊन बसलं.

"हे काय असेल हो, सर?" तुम्ही पाय न हलवता विचारलंत.

"फुलपाखरू."

"ते मलाही दिसतंय. नाव विचारतोय मी."

भूगोलाच्या मास्तराला नाव येत नव्हतं. त्याचा मला राग आला, आणि परत आल्यावर मी अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक विकत घेतलं. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला तुमचा फोन आला. "जयभीम सर. कात्रजला उजाडलं का, की डोंगर मध्ये येतोय?" तुम्ही स्कूटरवर हडपसरहून निघालाही होतात. तो फोन पुढची सात वर्षं दर रविवारी आला. कधी तळजाई, कधी पाषाणचं तळं, कधी तुमच्या घराजवळचा कालव्याचा काठ. आणि वर्षातून एकदा बहिणींची सहल, जिच्यात त्या बोलायच्या आणि आपण झुडपांत वाकून चालायचो.

रजिस्टरची कल्पना तुमची. कारखान्यात तुम्ही इन्स्पेक्शनला होतात. एकाने तपासायचं, मग दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या सह्या झाल्या तरच लॉट पुढे जायचा. तुम्ही तसंच लांबडं रजिस्टर आणलंत आणि पट्टीने रकाने आखलेत. तारीख, जागा, नाव, पहिली सही, दुसरी सही. दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तरच फुलपाखरू मोजायचं. मी म्हणालो, अहो, माझ्याकडे कॅमेरा आहे, मुलाने एवढा महागातला पाठवलाय, फोटो असला की झालं. तुम्ही म्हणालात, "फोटोत माणूस मंत्र्याशेजारीसुद्धा उभा दिसतो." तुम्ही माझे फोटो कधी बघितलेही नाहीत. "आपण पाहिलंय की," म्हणायचात. मला ते अपमानासारखं वाटायचं. आता वाटतं, माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नसेल.

किती भांडलो आपण त्या रजिस्टरवरून. पट्टेवाल्या दोन जातींतला फरक सांगताना तुम्ही कालव्यावर तासभर उन्हात उभं केलं होतंत मला. तुमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या झाल्या तेव्हा तुम्ही ताईंना त्याचं पान तोडू देत नव्हता. ताई आमटीसाठी बाजारातून कढीपत्ता आणायच्या आणि कुंडीतला तुमच्या अळ्या खायच्या. कोशातून फुलपाखरू बाहेर यायच्या दिवशी तुम्ही मला पहाटे बोलावून घेतलंत, कारण माझ्या सहीशिवाय ते जन्मलं असं तुम्ही धरायला तयार नव्हता. मी रिक्षाने आलो. ताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या डॉक्टर, बाळंतीण आत आहे."

आता ताम्हिणीचं.

गेल्या दिवाळीनंतर आपण चौघं तिकडे गेलो होतो. मुळशी धरणाच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी ते कौलारू घर, राहण्या-जेवण्याची घरगुती सोय. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आपण रस्त्याने निघालो. हवा थंड होती, सोनकीची फुलं सुकायला लागली होती. तुम्ही मैलाच्या दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होतात. तेवढ्यात डोक्यावरून एक फुलपाखरू गेलं. तळहातापेक्षा मोठं, काळे पंख आणि मागचे पिवळेधमक. दरीच्या एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूला गेलं. मी ओरडलो. तुम्ही मान वर केलीत तोवर आकाश मोकळं होतं.

"काय होतं?"

"बर्डविंग! शंभर टक्के बर्डविंग."

"ते दक्षिणेला. इकडे कुठलं?"

"अहो, आत्ता गेलं डोळ्यांसमोरून."

"तुमच्या. मी बुटाकडे बघत होतो." तुम्ही नाडीला दुसरी गाठ मारलीत. "नोंद नाही, सर."

इथपर्यंत ठीक होतं. नियम मलाही मान्य होता. हळहळ वाटली, एवढंच. पण नाश्त्याला परत आलो तेव्हा ताईंनी विचारलं, काय दिसलं, आणि तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळत अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "आज सरांनी पिवळ्या शेपटीचा कावळा पाहिला."

दोघी हसल्या. सुनंदा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते घर चालवणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही कळलं नाही तरी त्या हसल्या. मीही हसलो. पण मला ते फार लागलं, अशोकराव. सात वर्षांत मी पाहिलेलं सगळ्यात देखणं फुलपाखरू होतं ते, आणि त्याचा तुम्ही चारचौघांत कावळा केलात. मला एकदम सासुरवाडीची ती पंगत आठवली, तुमचं पहिलं पान, आणि त्यानंतर वाढत वाढत माझ्यापर्यंत येणारी ती भाकरीची बुट्टी. साठी उलटलेल्या माणसाने असलं काही आठवू नये. पण आठवलं.

अकराच्या सुमारास आपण परत बाहेर पडलो. ओढ्याच्या कडेला तो उंबर होता. खाली पिकून फुटलेल्या उंबरांचा सडा, आंबूस वास, माश्या. बुंध्यावर वेल चढली होती आणि तिच्यात वाळकी पानं अडकली होती. तुम्ही एकदम थांबलात आणि माझं मनगट धरलंत. ती पकड मला आजही जाणवते.

"ओकलीफ," तुम्ही कुजबुजलात. "सर, ओकलीफ."

सात वर्षं आपण त्याच्या मागावर होतो. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसकट. उघडले की निळं. पुस्तकातलं ते पान तुम्ही इतक्यांदा उघडलं होतंत की पुस्तक तिथेच उघडायला लागलं होतं.

"कुठे?" मी विचारलं.

"तो वेलीचा फाटा आहे ना, तो. त्याच्या खाली तीन पानं. त्यातलं मधलं. ते पान नाही."

मी कॅमेरा वर केला. आणि मला ते दिसलं. पहिल्याच नजरेत दिसलं. दोन पानं वाऱ्याने हलत होती आणि मधलं हलत नव्हतं. मी बटण दाबलं. सवयीने, विचार न करता, तीनदा. मी तसाही दिवसभर कॅमेरा खटखटवत असतो, त्यामुळे त्यात तुम्हाला काही वेगळं वाटेल असं मला वाटलं नाही.

"दिसलं ना?" तुम्ही विचारलंत.

मी कॅमेरा खाली घेतला आणि म्हणालो, "नाही हो. पानंच आहेत सगळी."

हे मी का बोललो? शिक्षा म्हणून. तुम्ही माझ्या बर्डविंगचा कावळा केलात, तर मी तुमच्या ओकलीफचं पान करणार. तुम्ही परत समजावून सांगायला लागलात. फाटा, खाली तीन पानं, मधलं. लहान मुलाला सांगावं तसं, चारदा, पाचदा, बोट अगदी स्थिर धरून, घाईत, कारण ते उडेल अशी तुम्हाला भीती होती. मी मान तिरकी करत होतो, डोळे बारीक करत होतो. मुलं वर्गात न केलेल्या गृहपाठाचं सोंग कसं आणतात ते मी बत्तीस वर्षं बघितलंय. मी त्यांच्यापेक्षा चांगलं आणलं.

मग ते उडालं. पंख उघडले आणि उंबराच्या गर्द सावलीत निळा रंग चमकला, आणि ओढ्यापलीकडे गेला.

"आता?" तुम्ही म्हणालात.

"काहीतरी उडालं खरं. पण काय ते कळलं नाही."

माझी अपेक्षा होती तुम्ही चिडाल. म्हणाल, आंधळे आहात का. मग मी कावळ्याचा विषय काढणार होतो, आपली जुंपली असती, आणि भांडणाच्या शेवटी मी म्हणालो असतो, दिसलं हो दिसलं, आणा ते रजिस्टर इकडे. माझ्या डोक्यात सगळं ठरलं होतं. पण तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत आणि म्हणालात, "बरं." रजिस्टर पिशवीत ठेवलंत. आपण परत निघालो. जेवताना ताईंनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आज विशेष काही नाही." सरांना दिसलं नाही, असंही म्हणाला नाहीत. मी भाकरी तोडत होतो आणि तुमच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण माणूस नंतर सांगू म्हणतो. पहिल्या दिवशी ती थट्टा झाली असती. आठ दिवसांनी ते थोडं विचित्र दिसलं असतं. महिन्याने विचारायची वेळ आली असती की मग इतके दिवस गप्प का होतात. दर रविवारी साडेसहाला तुमचा फोन यायचा आणि दर रविवारी मी ठरवायचो, आज.

जानेवारीत तळजाईवर आपण बाकावर बसलो होतो. तुम्ही पाणी प्यायलात, बाटलीचं झाकण लावलंत आणि सहज बोलल्यासारखं म्हणालात, "सर, त्या उंबरापाशी तुमच्या डोळ्यांवर ऊन येत असेल का? म्हणून दिसलं नसेल."

मी म्हणालो, "हो, ऊन होतं."

त्या उंबराखाली ऊन नव्हतं, अशोकराव. तिथे कवडसाही नव्हता. तुम्ही माझ्यासाठी दार उघडून धरलं होतंत, आणि मी त्या दारातून आत येऊन दुसरं खोटं ठेवून गेलो. हे मला तेव्हा कळलं नाही. मला तेव्हा वाटलं, चला, सुटलो.

मग जूनमध्ये तुमचं पोटाचं दुखणं निघालं. रविवार बंद झाले. ऑगस्टमध्ये दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसलो होतो, दोघी बहिणी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुम्ही इतके वाळला होतात की घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं. खोलीत आपण दोघंच. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

"सर," तुम्ही म्हणालात, "दिवाळीनंतर परत ताम्हिणीला जाऊ. त्याच उंबरापाशी. दोघांना दिसायला पाहिजे ते."

"जाऊ," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं तुम्हाला पाणी हवंय. मी पाणी दिलं. तेवढ्यात त्या दोघी आल्या. परत येताना बसमध्ये मी ठरवलं, पुढच्या खेपेला नक्की. पुढच्या खेपेला तुमच्या तोंडावर मास्क होता आणि तुम्ही डोळे उघडत नव्हता.

कार्यक्रमानंतर चार दिवसांनी मी हडपसरला गेलो. ताईंनी कपाटातून रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमचंच. माझ्याकडे राहून काय उपयोग?" मी पानं उलटत गेलो. तुमचं सुबक अक्षर, दर ओळीपुढे दोन सह्या. ज्यावर दोघांच्या सह्या होणार नाहीत ती ओळ तुम्ही लिहीतच नसायचात. माझ्या बर्डविंगचा त्यात मागमूस नव्हता. पण ताम्हिणीच्या त्या तारखेला एक ओळ होती. ब्लू ओकलीफ. पहिली सही तुमची. दुसरा रकाना कोरा.

"ही चुकून राहिली वाटतं," मी म्हणालो.

"चुकून कशी राहील?" ताई म्हणाल्या. "मी एकदा म्हटलं होतं त्यांना, प्रकाशरावांना दिसलं नाही ना, मग खोडून टाका. तर म्हणाले, त्यांना दिसलंय. कॅमेऱ्याचा खटका ऐकलाय मी तीनदा. जे दिसलंच नाही त्याचा कुणी फोटो काढतं का? सकाळच्या कावळ्यावरून रुसलेत, म्हणाले. करतील सही. घाई नाही."

एवढं सांगून त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी त्या ओळीकडे बघत बसलो.

म्हणजे तुम्हाला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. "बरं" म्हणालात तेव्हाही. ऊन आणून दिलंत तेव्हाही. दवाखान्यात माझ्याकडे बघत राहिलात तेव्हा पाणी नको होतं तुम्हाला.

खरं सांगू? मला आधी लाज नाही वाटली, राग आला. तुमचा. अहो, एकदा खडसवायचं होतं मला. एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून तासभर उन्हात उभं करायचात, आणि जिथे भांडायला हवं होतं तिथे असा समजूतदारपणा? तुम्हाला माझी सही हवी होती, पण मागायची नव्हती. मला कबूल करायचं होतं, पण कुणी विचारल्याशिवाय नाही. दोघंही सारखेच हट्टी. फरक एवढाच की तुम्ही वाट बघत होतात आणि मी वेळ काढत होतो. आणि तुमच्याकडे तो नव्हता, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं.

कावळ्याबद्दल तुम्हाला वाईट वाटलं होतं का, हे मला कुणाला विचारता येणार नाही. ताईंना विचारून काय करू? तो आपल्या दोघांतला विषय होता.

रविवार मोठे झालेत. साडेसहाला जाग येतेच. सुनंदा झोपलेली असते. तिचं बरं आहे असं म्हणणार नाही, पण तिला ताई आहेत. दोघी रोज तासतासभर फोनवर बोलतात, रडतात, मधेच हसतातही. मी कुणाला फोन करू? मुलाला केला, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही एखादा ग्रुप जॉइन करा ना. पुण्यात बटरफ्लायवाले चिक्कार ग्रुप आहेत." आहेत. मी गेल्या रविवारी एकाबरोबर गेलोसुद्धा, तळजाईला. वीसेक तरुण पोरंपोरी, फार चांगली. काही दिसलं की पटापट मोबाईलवर टाकतात आणि पुढे जातात. दुसऱ्याला दिसलं की नाही यासाठी कुणी थांबत नाही. एका झुडपावर हळदीकुंकू बसलं होतं, तुमच्या आवडीचं फुलपाखरू. मी म्हणालो, "ते बघा." एक मुलगी म्हणाली, "हो काका, कॉमन आहे," आणि गेली. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी परत आलो.

काल मी परत हडपसरला गेलो. कॅमेरा घेऊन. रजिस्टर पिशवीत होतं, पण सही मी केलेली नाही. माल समोर असताना आणि पहिली सही करणाऱ्याच्या देखत दुसरी सही करायची, असं तुम्हीच सांगायचात. आता ती सही करणं म्हणजे नुसती शाई.

ताई गॅलरीत बसल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, ते खरं आहे. मला दिसलं होतं. मी खोटं बोललो."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. मग खुर्ची पुढे सरकवून, "बसा. दाखवा तरी कसं असतं ते. सात वर्षं ऐकतेय, बघितलं कधीच नाही."

मी कॅमेऱ्यावर ते फोटो उघडले. तीनही स्वच्छ आलेत. त्यांनी चष्मा लावला, कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला.

"कुठाय? मला तर सगळी पानंच दिसतायत."

त्या सोंग करत नव्हत्या. मी सांगितलं, "तो वेलीचा फाटा आहे ना, त्याच्या खाली तीन पानं. त्यातलं मधलं." त्यांनी पुन्हा बघितलं. मी परत सांगितलं. चारदा सांगितलं. त्यांना दिसावं असं मला फार वाटत होतं, इतकं की मी बोट स्क्रीनवर तुमच्यासारखंच अगदी स्थिर धरून ठेवलं. माणूस दाखवत असतो तेव्हा त्याला काय होत असतं ते मला काल कळलं, अशोकराव.

शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. "नाही हो दिसत मला. जाऊ द्या." कॅमेरा माझ्या हातात दिला. "तुम्हाला दिसतंय ना?"

"हो," मी म्हणालो.

हा एवढा एकच शब्द तुम्हाला हवा होता. तो मी अकरा महिन्यांनी उच्चारला, आणि तुमच्याऐवजी तुमच्या बायकोला सांगितला.